मुळाशी पोहत येणारा रोग

पाणी नितळ दिसलं, की आपण ते निर्मळ मानतो. मी कवी माणूस, विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पण पाण्यातल्या रोगाचा माग माणसानं कसा काढला, ही हकिकत मला कवितेइतकीच ओढ लावते.

१८५८ साली प्रिंग्सहाइम या जर्मन शास्त्रज्ञानं ‘पिथियम’ला नाव दिलं. १८७६ मध्ये द बारी यांनी ‘फायटोफ्थोरा’ हे नाव रूढ केलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ, वनस्पतींचा नाश करणारा. आपण यांना बुरशी म्हणतो, पण त्यांचं नातं शैवालांशी अधिक जवळचं. त्यांचे बीजाणू दोन शेपट्यांच्या बळावर पोहतात आणि मुळांतून झिरपणाऱ्या रसांच्या ओढीनं नेमके मुळाशी येतात.

१९२१ साली इंग्लंडमध्ये ब्यूली आणि बडिन यांनी काचघरांना पुरवलं जाणारं पाणी तपासलं. त्यात पिकांना रोग देणाऱ्या बुरशी सापडल्या. नुसती माती निर्जंतुक करून भागत नाही, हे तेव्हा उमगलं.

१९३७ साली कॅलिफोर्नियातल्या गेरिक यांनी बिनमातीच्या शेतीसाठी ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द वापरला. माती गेली, तिच्याबरोबर रोगही जातील, अशी आशा होती. पण १९६० च्या दशकात अॅलन कूपर यांनी उथळ पन्हळीतून तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवण्याची पद्धत आणली. खत वाचलं, पाणी वाचलं. मात्र एका आजारी रोपाचं दुखणं साऱ्या रांगेच्या वाट्याला येण्याची सोय झाली. मुळं तपकिरी पडून पानं माना टाकतात, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून रोग दिसण्याआधीच पाण्याला विचारावं लागतं. जुनी युक्ती साधी: पानाचा तुकडा गळासारखा पाण्यावर तरंगत ठेवायचा. बीजाणू त्याला चिकटले, की काही दिवसांत डाग उमटतात. १९८३ साली कॅरी म्युलिस यांनी पीसीआर शोधलं. आता पाण्यातला डीएनए काही तासांत ओळखता येतो. पण मेलेल्या बीजाणूचा डीएनएही काही काळ पाण्यात उरतो. यंत्राला जिवंत आणि मेलेला यांतला फरक सहज कळत नाही. पानाला कळतो. त्याला फक्त जिवंत शत्रूच डसतो.

म्हणून यंत्र आल्यावरही पानाचा गळ अडगळीत गेला नाही. यंत्र लवकर सावध करतं, पान खात्री देतं. वाटून घेतलेल्या पाण्याची राखण करायला मला दोघेही हवेसे वाटतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)