गर्भाशय-विदारण, प्रसूतिकालीन

कळा चालू असताना, क्वचित त्याआधीही, गर्भाशयाची भिंत फाटणे. बाळ पोटाच्या पोकळीत ढकलले जाते, वार सुटते, आईला आतल्या आत रक्तस्राव होतो. बाहेर थोडेच रक्त दिसते, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधणारे हमखास फसतात.

कारणे दोन प्रकारची. पहिला प्रकार जुना, गरीब मुलखांतला : बाळंतीण अडते. वाट अरुंद, बाळ मोठे किंवा आडवे. तरी कळा येतच राहतात. गर्भाशयाचा वरचा भाग जाड होत जातो, खालचा ताणून पातळ होतो आणि दोहोंमध्ये पोटावरून दिसणारी आडवी खाच उमटते. व्हिएन्नाचे लुडविग बांड्ल यांनी १८७५ मध्ये हिचे वर्णन केले. खाच दिसली की वेळ फार उरलेला नसतो. मग कळा एकाएकी थांबतात आणि घरच्यांना हायसे वाटते. खरे तर घात तेव्हाच झालेला असतो. बालपणातले कुपोषण, कोवळ्या वयातले लग्न आणि अनेक बाळंतपणे ही यामागची पार्श्वभूमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्या पश्चिम बंगालमध्ये ४१.६ टक्के, महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळल्या.

दुसरा प्रकार नवा : आधीच्या सीझरचा व्रण उसवणे. खालच्या भागात आडवा छेद घेतलेला असेल, तर पुढच्या वेळी कळा देऊ दिल्यास साधारण दोनशेत एकीला हा धोका असतो; वरच्या भागातल्या उभ्या छेदाला तो कितीतरी पटींनी अधिक. सीझर वाढतील तसा या प्रकाराचा वाटा वाढणार, हे उघड आहे.

सीझरच्या आणि प्रसूतीच्या चिमट्यांच्या इतिहासात कोलकात्याचेही नाव येते; तिथे मेडिकल कॉलेज (स्थापना १८३५) आहे. तिथल्या ईडन रुग्णालयात शिकवणारे ग्रीन-आर्मिटेज यांचे नाव सीझरच्या चिमट्याला मिळाले. याच शहरातले केदारनाथ दास यांनी प्रसूतीच्या चिमट्यांच्या इतिहासावर १९२९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि तिथल्या स्त्रियांच्या बांध्याला साजेसा चिमटाही घडवला. गर्भाशयमुख पुरते उघडण्याआधी चिमटा लावला तर तोच विदारणाला कारण होतो, म्हणून हा तपशील इथे गौण नाही.  

या दोन्ही प्रकारांत भर घालणाऱ्या मानवनिर्मित कारणांकडे अधिक कडक नजरेने पाहायला हवे. ‘कळा वाढवायला’ घरी किंवा लहान दवाखान्यात टोचलेले ऑक्सिटोसिन, मापाविना दिलेली मिसोप्रोस्टॉलची गोळी, पोट वरून जोरात दाबणे : यांतली एकही गोष्ट अडलेली वाट रुंद करत नाही, फक्त जोर वाढवते. मिसोप्रोस्टॉलची सर्रास मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते. कळा सुरू करण्यासाठीची मात्रा २५ ची. आधीचे सीझर असेल तर तीही वर्ज्य.

प्रतिबंधाचे सर्वांत स्वस्त साधन कागदाचे आहे. फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ मध्ये आजच्या झिंबाब्वेतून मांडलेल्या पार्टोग्राफवर गर्भाशयमुख किती उघडले ते वेळेनुसार नोंदतात. त्यावर इशाऱ्याची रेघ आणि चार तासांनी उजवीकडे कृतीची रेघ असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये याची सुधारित आवृत्ती आणली. पण पुष्कळदा तक्ता बाळ झाल्यावर भरला जातो. तेव्हा तो फक्त फायलीसाठी असतो. शिवाय रेघ ओलांडली तरी शस्त्रक्रिया, भूल आणि रक्त जवळपास हवे. सुंदरबनातल्या बेटावरून नाव, मग गाडी, मग दुसरे रुग्णालय असा प्रवास करणाऱ्या बाईला आधीच्या सीझरची नोंद असेल, तर शेवटच्या आठवड्यांत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या गावी आणून ठेवणे हाच उपाय.

फाटल्यावर पोट उघडून भिंत शिवतात. न जमल्यास गर्भाशय काढतात. शिवलेल्या गर्भाशयात पुन्हा दिवस राहिले, तर कळा सुरू होण्याआधी सीझर करतात. डिस्चार्ज कार्डावर छेद कुठला होता, हे स्पष्ट लिहिलेले असणे त्या दिवशी मोलाचे ठरते.