यादींतील एक आंकडा : ३५७ कीं ३७५?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील एका जुन्या मालगुजार घराण्याच्या दप्तरांत आम्हांस वाटणीची एक याद मिळाली. मूळ कागद दोन बंदांचा. पैकीं पहिला बंद गहाळ झालेला असल्यामुळें मिति, साल आणि वाटणी करून घेणारांचीं नांवें हीं सर्व त्याबरोबर गेलीं. उरलेल्या बंदावर तांब्यापितळेचीं भांडीं, गाड्या, गुरें यांची मोजदाद असून शेवटीं हत्यारांचें सदर आहे. त्यांत तोड्याची बंदूक एक, बारा बोरची दुनळी एक, "रायफल ३५७ म्यागनम" एक, व काडतुसें, इतकीं कलमें आहेत. किंमती रुपये, आणे, पै यांत दिल्या आहेत. तोड्याच्या बंदुकीविषयीं घरांत अशी समजूत आहे कीं, १८१८ सालीं कामठ्याच्या चिमणा पाटलानें इंग्रजांविरुद्ध उठाव केला त्या धामधुमींतील ती आहे. यास कागदाचा आधार नाहीं. सबब तो विषय आम्ही येथेंच सोडतों.

या घराण्यांत वाटणी दोनदां झाली. पहिली वाटणी घरच्या सांगण्याप्रमाणें १९२० नंतरच्या दहा वर्षांतील. दुसरी १९५१ सालीं मध्यप्रदेशांत मालगुजारी नष्ट झाल्यानंतरची. दुसरीचे कागद सुरक्षित आहेत. पहिलीचा एकहि कागद उपलब्ध नाहीं. तेव्हां प्रस्तुत याद पहिल्या वाटणीची ठरली तर त्या वाटणीचा तो एकुलता एक पुरावा होईल. दुसरीची ठरली तर असलेल्या गठ्ठ्यांत आणखी एका फुटकळ चिटोऱ्याची भर पडेल, एवढेंच. आणि हा निर्णय, कागद, शाई, अक्षर हीं सर्व साधनें थकल्यावर, वरील तीन आंकड्यांवर येऊन ठेपला.

ज्यांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. बंदुकीचें माप सांगण्याच्या रीति एकाहून अधिक आहेत. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी ज्या नळींत बसेल ती नळी. रायफल व रिव्हॉल्व्हर यांचें माप मात्र बहुधा इंचाच्या हजारांशांत सांगतात; .३७५ म्हणजे इंचाचे तीनशें पंचाहत्तर हजारांश. परवान्यावर आंकड्यामागील टिंब असतें. देशी कारकून तें गाळतो. 'म्यागनम' हा शब्द लॅटिन असून आपल्या 'महत्' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोहोंचें मूळ एक, आणि योगायोग असा कीं येथें दोन्ही रूपें नपुंसकलिंगी प्रथमेचीं. युरोपांत दुप्पट मापाच्या मद्याच्या बाटलीस हें नांव होतें. इंग्लंडांतील बंदूकवाल्यांनीं तें नेहमींपेक्षां अधिक दारू भरलेल्या काडतुसास दिलें. तें कोणा कारखानदाराचें नांव आहे असें समजून एका संग्राहक मित्रानें आपल्या सूचींत 'म्यागनम कंपनी' अशी नोंद केलेली आम्हीं पाहिली आहे, म्हणून हा विस्तार. 'काडतूस' हा शब्दहि पोर्तुगीज 'कार्तूशु' वरून आपणांकडे आला हें वाचकांस ठाऊकच आहे.

आतां मुद्दा असा : .३७५ मॅग्नम हें काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीनें १९१२ सालीं काढलें. तें मोठ्या शिकारीच्या रायफलीचें आहे. .३५७ मॅग्नम हें अमेरिकेंतील स्मिथ अँड वेसन कंपनीनें १९३५ सालीं काढलें, तें रिव्हॉल्व्हरचें. पहिला पाठ घेतला तर याद १९१२ नंतरची कोणत्याहि वेळची, अर्थात् पहिल्या वाटणीची असूं शकते. दुसरा घेतला तर १९३५ च्या अलीकडचीच, म्हणजे दुसऱ्या वाटणीची. एका अंकाच्या उलटापालटीनें तेवीस वर्षांचें अंतर पडतें.

आम्हीं प्रथम नक्कल केली तेव्हां कंसांत "३७५ पाहिजे" असें शोधन घातलें, आणि कारण असें दिलें कीं, ३५७ हें रिव्हॉल्व्हरचें काडतूस असल्यामुळें तें रायफलींत चालणें अशक्य. सबब हा लेखकप्रमाद होय. ही नक्कल आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास दाखविली. हा गृहस्थ अमेरिकेंत नोकरीस असतो व दिवाळीस गोंदियास येतो. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, अशक्य म्हणून कसें चालेल? माझ्याजवळ हींच काडतुसें घालण्याचें रिव्हॉल्व्हरहि आहे आणि रायफलहि आहे." आम्ही चकित झालों. पाठनिर्णयांत अवघड पाठ हाच बहुधा मूळचा असतो, सोपा पाठ मागाहून कोणीतरी सुधारलेला असतो, हें तत्त्व आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें आणि स्वतः मात्र अज्ञानाच्या बळावर अवघड पाठ खोडला, ही गोष्ट कबूल केली पाहिजे.

त्यानें जें सांगितलें तें आम्हीं मागाहून पडताळून घेतलें. एका काडतुसावर दोन हत्यारें चालविण्याची हौस अमेरिकेंत जुनी आहे. १८७३ सालीं विंचेस्टर कंपनीनें तरफेची एक रायफल काढली. चापाभोंवतींची कडी खालीं ओढून वर केली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें व नवें आंत जातें. तिचें .४४ मापाचें काडतूस कोल्ट कंपनीनें १८७८ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरांतहि बसविलें. गुरें राखणाऱ्या, घोड्यावर दिवस काढणाऱ्या माणसास कमरेच्या पट्ट्यांत एकाच जातीचीं काडतुसें ठेवून दोन्ही कामें होऊं लागलीं. खर्च कमी, आणि घाईच्या वेळीं भलतें काडतूस हातीं येण्याची भीति नाहीं.

.३५७ हें त्याच हौसेचें नवें रूप. मुळांत रिव्हॉल्व्हरांचें .३८ स्पेशल नांवाचें एक काडतूस होतें. (त्याची गोळीहि वस्तुतः .३५७ इंचांचीच, ३८ हें केवळ नांव. नांवांवर विश्वासून मापें लिहिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.) त्यांत दारू वाढवून वेग किती चढवितां येईल याचे प्रयोग एल्मर कीथ, फिलिप शार्प इत्यादि हौशी मंडळी करीत होती, त्यांतून वेसन यांच्या कारखान्यांत हें काडतूस सिद्ध झालें. त्याची पितळी नळी .३८ च्या नळीपेक्षां सुमारें अष्टमांश इंच लांब ठेविली, हेतु हा कीं जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरांत तें बसूंच नये. उलट .३८ चें हलकें काडतूस .३५७ च्या रिव्हॉल्व्हरांत खुशाल बसतें. म्हणजे सरावास स्वस्त बार, प्रसंगास जबर बार. या जातीचें पहिलें रिव्हॉल्व्हर अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासखात्याचे प्रमुख एडगर हूव्हर यांस देण्यांत आलें. १९५६ च्या सुमारास .४४ मॅग्नम निघालें, व १९७१ सालच्या एका बोलपटानें तें घरोघर पोंचविलें.

आमच्या विद्यार्थ्याचा उत्साह विशेषतः रायफलीविषयीं होता. रिव्हॉल्व्हरची नळी चार इंचांची. दारू पुरती जळून तिचा जोर गोळीस लागतो न लागतो तोंच गोळी बाहेर. तेंच काडतूस अठरा इंचांच्या नळींतून सोडलें कीं १५८ ग्रेन वजनाची गोळी सेकंदास साडेबाराशें फुटांच्या जागीं सतराशें-अठराशें फुटांनीं जाते. काडतूस तेंच, दारू तीच. केवळ नळीच्या लांबीचा हा लाभ. धक्का थोडा, आवाज सौम्य, आणि रायफल हलकी. गोळीचें टोंक मात्र चपटें लागतें, कारण या रायफलींत काडतुसें नळीखालच्या पोकळींत एकामागें एक निजलेलीं असतात. अणकुचीदार टोंक पुढील काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आदळलें तर तिथेंच बार होईल. हें तो सांगत असतां त्याची मुद्रा एखाद्या दुर्मिळ पोथीचें वर्णन करणाऱ्या संग्राहकासारखी झाली होती, आणि आम्हांस त्याचें नवल वाटलें नाहीं.

दारू वाढवून गोळीचा मार्ग सरळ करण्याचा हा ध्यास मध्यप्रांतास अगदींच परका नव्हता. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या १८७१ च्या ग्रंथाचा कर्ता कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यानें १८६३ सालीं शिकारी रायफलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें आहे, आणि त्यांत मोठें बोर, मंद पिळाची नळी व भरपूर दारू यांचाच पुरस्कार केला आहे. परंतु एक काडतूस, दोन हत्यारें ही कल्पना येथें रुजली नाहीं. याचें कारण कायद्यांत आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यापासून परवान्याची पद्धति दृढ झाली, आणि सैन्याच्या हत्यारांत चालणारें काडतूस खाजगी माणसाच्या हातीं पडूं नये हें सरकारचें धोरण राहिलें. म्हणून लष्कराचें .३०३ वर्ज्य ठरून शिकाऱ्यांत .३१५ रूढ झालें. १९५९ च्या कायद्यानेंहि निषिद्ध व अनिषिद्ध असा भेद राखला. तिकडे काडतुसें एक करण्याची खटपट, इकडे तीं वेगळीं ठेवण्याची.

असो. आमचें कारण चुकलें, पण म्हणून निर्णयहि चुकला काय? येथें तारखा पाहाव्या लागल्या. आणे-पै यांचा व्यवहार १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आल्यावर मागें पडला. तेव्हां याद त्याच्या फारशी अलीकडची नव्हे. .३५७ ची तरफेची रायफल कारखान्यांतून नियमित निघूं लागली ती पुष्कळ पुढें. मार्लिन कंपनीची १९७९ सालची आहे. त्यापूर्वीं हौशी लोक जुन्या विंचेस्टर रायफलींची नळी कारागिराकडून बदलून घेत. तसली एखादी रायफल नवेगांवबांधच्या रानाकांठीं येऊन पोंचली असेल हें संभवनीय नाहीं. म्हणजे 'रायफल ३५७' हा पाठ शक्य खरा, पण त्या काळीं नव्हे. उरतात दोन पक्ष : आंकडा चुकला व रायफल खरी, किंवा आंकडा खरा आणि 'रायफल' हा शब्द 'रिव्हॉल्व्हर' याबद्दल पडला. तोंडी सांगून लिहविलें असतें तर 'पंचाहत्तर' चें 'सत्तावन' होणें कठीण. डोळ्यांनीं पाहून उतरतांना मात्र ७५ चे ५७ सहज होतात. याद परवान्यावरून उतरली असावी असा आमचा तर्क आहे.

या तर्कास बळकटी अनपेक्षित ठिकाणीं मिळाली. घरांतील वृद्ध बाईंनीं आम्हांस सुया ठेवण्याची एक पितळी नळी दाखविली. तोंडास लांकडी बूच. त्या म्हणाल्या, "ही आमच्या आजेसासूबाईंची. त्यांच्यापासून अशीच चालत आली." आम्हीं ती मोजली : पावणेतीन इंचांहून थोडी अधिक. .३५७ ची नळी सव्वा इंचाहून किंचित् मोठी. तींत गोधडीची सुई उभी राहणार नाहीं. शिवाय बुडाशीं पितळेचीच एक उंच कड, जणूं मेखला, जी हॉलंडच्या त्या काडतुसाची प्रसिद्ध खूण आहे. बुडावरील अक्षरें घासून गेलीं होतीं, तरी भिंगाखालीं 'कायनॉक' हें नांव आणि शेवटचा ५ वाचतां आला.

एवढ्यावरून घरांत .३७५ ची रायफल होती हें निश्चित मानतां येतें. यादींतील कलम त्याच रायफलीचें, हें अनुमान; प्रबळ, परंतु अनुमानच. आजेसासूबाईंच्या निधनाचें वर्ष घरांत कोणास सांगतां आलें नाहीं. तें १९३५ च्या आधींचें निघालें तर यादीचा नव्हे, पण निदान रायफलीचा काळ पक्का होईल. नकलेंतील शोधन आम्हीं कायम ठेविलें आहे. त्याखालचें कारण तेवढें खोडून नवें लिहिलें. सुयांची नळी बाईंस परत दिली.