सिंधी दरबार, उल्हासनगर

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांनी उभारलेले, उपासना व समाजसेवा एकत्र चालवणारे सामुदायिक केंद्र. यालाच टिकाणा असेही म्हणतात.

१९४७ नंतर कल्याणजवळील रिकाम्या लष्करी छावणीत सुमारे १ लाख निर्वासित वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर नाव दिले (पाहा : उल्हासनगर, फाळणी, भारताची). सिंधमधील गुरुपरंपरा वसाहतीच्या पाच कॅम्पांत नव्याने रुजल्या. उदाहरणार्थ, कॅम्प ५ मधील स्वामी शांतिप्रकाश आश्रम हा त्यांपैकी प्रेमप्रकाश पंथाचा.

दरबारात परंपरेने गुरू ग्रंथसाहिब आणि हिंदू देवदेवता शेजारी असतात; भक्त खालसा दीक्षा घेत नाहीत, हे शीख गुरुद्वारापासूनचे मुख्य वेगळेपण (पाहा : नानकपंथ). चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला (पाहा : झूलेलाल), बहराणा निघतो : थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे, अखेरीस ही सामग्री पाण्यात सोडतात. संतांच्या वर्सीला (पुण्यतिथीला) भंडारा होतो. पंगतीला जातपात, भाषा पाहत नाहीत; त्यामुळे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील मराठी व उत्तर भारतीय शेजारीही जेवायला बसतात.

स्वतंत्र भाषिक राज्य नसलेल्या समाजाची भाषा आणि भजने टिकवण्यात दरबारांचा वाटा मोठा आहे. राज्य नसतानाही १९६७ मध्ये सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला.