कडब्याकडून वाढ्याकडे : घोडेगाव परिसरातील वैरणीचा इतिहास

नेवासा तालुक्यातील घोडेगावचा जनावरांचा बाजार सर्वपरिचित आहे. त्या जनावरांच्या वैरणीचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. जिरायत काळात ज्वारीचा कडबा हा मुख्य चारा होता. तोही प्रथिनांत कमीच. म्हणून सरकी पेंडीची जोड लागे. मुळा धरणाच्या कालव्यांनी तालुक्यात ऊस वाढला आणि गव्हाणीत वाढे आले. चाऱ्याचा प्रश्न सुटला असे वाटले, परंतु पोषणाचा नव्हे. वाढ्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते व दुभत्या जनावराला त्याची झळ अधिक बसते. चुन्याच्या निवळीची शिफारस त्यासाठीच होते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पुढे ‘फुले जयवंत’ हे संकरित गवत दिले. तथापि २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील छावण्यांमध्ये जनावरांपुढे पुन्हा ऊसच पडला.