विमान मागे घेण्याची शिस्त : खानदेश व मुंबई यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रादेशिक विमानवाहतुकीचा इतिहास बहुधा भूमिपूजने, उद्घाटने आणि पहिली उड्डाणे यांच्या नोंदींतून लिहिला जातो. जळगावही त्यास अपवाद नाही. २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते येथील विकसित विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली मुंबईकडे एकोणीस आसनी विमान निघाले. मात्र उभे विमान जागेवरून सुरक्षितपणे हलविणाऱ्या कामगारांचा उल्लेख अशा इतिहासात क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित कामाचा, विशेषतः विमान मागे ढकलण्याच्या म्हणजेच ‘पुशबॅक’च्या पद्धतीचा विचार करावयाचा आहे.

खानदेशाला हा प्रश्न विमानापूर्वीच परिचित होता. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला, तर १८७० मध्ये जबलपूरला जाऊन मिळाला आणि या दोन वाटा जेथे फुटतात ते भुसावळ रेल्वेचे मोठे ठाणे झाले. भुसावळच्या यार्डात शंटिंग करताना ड्रायव्हरला मागचा डबा दिसत नाही, आणि डबे जोडणारा कामगार तर दोन डब्यांच्या मधोमध उभा असतो. म्हणून दिवसा झेंडी व रात्री कंदील दाखविणाऱ्या माणसाचा इशारा हाच कायदा ठरला. इशारा दिसेनासा झाला तर गाडी थांबवावयाची, हा नियम तेथील कित्येक कुटुंबांना पाठ असे.

आरंभीच्या विमानांना या शिस्तीची फारशी गरज नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूला टपाल घेऊन आले ते पस मॉथ हे हलके विमान होते. असे विमान दोन-तीन माणसे हातांनी सहज वळवीत. धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिक-प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी छोटी विमाने आजही पुढच्या चाकाला दांडा लावून हाताने ओढता येतात. तेथे ढकलणारा आणि वैमानिक एकमेकांस दिसतात, बोलूही शकतात. हे अंतर पुढे वाढत गेले.

१९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ आले. मोठी जेट विमाने टर्मिनलकडे नाक करून उभी केली की जागा वाचते, परंतु बाहेर पडताना त्यांना मागे जावे लागते. १९८० च्या दशकात काही अमेरिकन कंपन्यांनी इंजिनाच्या उलट्या झोतावर विमान मागे घेण्याचा प्रयोग केला. पण खर्च होणारे इंधन आणि उडणारे खडे यांमुळे तो मागे पडला. ट्रॅक्टर आणि टोबार हीच रीत टिकली. तीत वैमानिक जवळजवळ आंधळा असतो. नियंत्रकाची परवानगी मिळाल्यावर तो जमिनीवरील तंत्रज्ञाला हेडफोनवरून ब्रेक सोडल्याचे कळवितो आणि पंखांच्या टोकांशी चालणारे मदतनीस अडथळ्यांवर लक्ष ठेवतात. विमान थांबले की ब्रेक पुन्हा लावतात, टोबार सुटतो, पुढच्या चाकाचे सुकाणू मोकळे ठेवणारी लाल फीत लावलेली खीळ काढली जाते. शेवटी तंत्रज्ञ बाजूला जाऊन ती खीळ वैमानिकाला उंचावून दाखवितो आणि वैमानिक हात करून पोच देतो. त्यानंतरच विमानाने स्वतःच्या बळावर चालावयाचे. भुसावळच्या झेंडीचे हे नवे रूप म्हटल्यास वावगे ठरू नये.

मुंबईत या क्रमावर पडणारा ताण आकड्यांवरून उमगतो. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. तरीही ५ जून २०१८ रोजी चोवीस तासांत १,००३ विमानांची ये-जा झाली, म्हणजे सरासरी दीड मिनिटालाही एकाहून अधिक. अशा ठिकाणी एक विमान मागे येत असताना शेजारचे रोखून धरावे लागते, आणि एका इशाऱ्यातील उशीर मागच्या अनेकांना भोवतो. घाईचा मोह येथेच उत्पन्न होतो.

१६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईहून हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या एअरबस ए-३१९ चा पुशबॅक पूर्ण झाला होता. जमिनीवरील माणसे दूर झाल्याची खात्री होण्यापूर्वीच विमान चालू लागले आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. वृत्तपत्रांनी यास ‘विचित्र अपघात’ म्हटले. हे विशेषण स्वीकारणे कठीण आहे. ज्या क्षणासाठी खीळ दाखविण्याची व पोच देण्याची प्रथा निर्माण झाली, नेमक्या त्याच क्षणी हा मृत्यू घडला. आणि त्या क्षणी ना ट्रॅक्टर कामास येतो ना टोबार, केवळ दोन माणसांतील संकेत उरतो.

जळगावहून मुंबईला २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेली सेवा एटीआर जातीच्या पंख्यांच्या विमानांनी दिली गेली. मोकळ्या एप्रनवर असे विमान स्वतःच वळून बाहेर पडू शकते. जळगावसारख्या ठिकाणी तेवढे पुरते. तेच विमान तासाभराच्या प्रवासानंतर मुंबईत उतरते तेव्हा मात्र त्याला त्या गर्दीच्या रांगेत आपली पाळी येईतो थांबावे लागते, आणि त्याच्या चाकाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात वर जाण्याची वाट पाहावी लागते.