डव्ह कॉटेज, ग्रासमिअर

१२. मूळ मजकुरात या घराला कवीचे ‘वडिलोपार्जित घर’ म्हटले आहे. ते बरोबर नाही. वर्ड्सवर्थ इथे भाडेकरू होता. डिसेंबर १७९९मध्ये बहीण डोरोथीसह तो आला, त्याआधी इथे ‘डव्ह अँड ऑलिव्ह बाऊ’ नावाचा दारूचा गुत्ता होता. तो १७९३मध्ये बंद पडला. तळमजल्याच्या भिंतींवरचे काळपट लाकडी तक्ते त्याच काळातले. वरची एक खोली इतकी गारठायची, की डोरोथीने तिच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवली.

१८०८मध्ये, कुटुंब वाढल्यावर, कवी हलला.

पुढचा भाडेकरू लेखक डी क्विन्सी. त्याने घराचे चक्क पुस्तकांचे कोठार केले आणि मुक्काम दुसरीकडे हलवल्यावरही, कर्जात बुडालेला असताना, जागा सोडली नाही!

१८९०मध्ये विश्वस्तांनी घर विकत घेतले. १८९१पासून ते लोकांना पाहायला खुले आहे.