फुलहॅमच्या घरात भेटलेला देव

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासातले काही लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा पंडिता रमाबाईंचे नाव माझ्या मनात प्रथम आले आणि लगेच थोडे मागेही सरले. मागे का सरले, हे भगिनींना सांगावयास नकोच. रमाबाईंचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘केवढी विद्वान बाई!’ आणि दुसरे, ‘पण धर्म सोडला हो!’ या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडले, ते सहसा कोणी सांगत नाही. तेच आज मला सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून लोकांचा रोष पत्करला. पुढे हे सारे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थामागून तीर्थे हिंडत राहिले. देवळात बसून पुराण सांगावे, मिळेल ते दानधर्मात घालावे, व्रते-उपवास करावेत आणि देव प्रसन्न होण्याची वाट पाहावी, असा त्यांचा क्रम होता. गाठचे द्रव्य संपले. अन्नाचा दुष्काळ आला. पाणी आणि रानातला पाला यांवर या मंडळींनी दिवस काढले. 1874 साली वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली. भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्यासह पायपीट करीत रमाबाई 1878 साली कलकत्त्यास पोचल्या. तेथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. पण 1880 साली भाऊ आणि 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पंचविशी गाठण्यापूर्वीच ही बाई कडेवर एक मूल घेऊन जगात एकटी उभी राहिली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. 1883 साली वैद्यकी शिकावी म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहात होत्या. तेथून त्यांना काही दिवसांसाठी लंडनमधील फुलहॅम येथे पाठविण्यात आले. या भगिनींचे तेथे एक घर होते. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणून दार लावून घेतो, अशा स्त्रियांना त्या घरात आसरा मिळे.

त्या काळचे लंडन म्हणजे जगातले सर्वांत मोठे शहर. अशा शहरात एखादी गरीब बाई वाट चुकली, की तिचे पुढे काय होते, हे आपणांस मुंबई-पुण्याकडे पाहून कळण्यासारखे आहे. अशा बायकांना त्या भगिनी जवळ बसवितात, त्यांच्याशी आदराने बोलतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. त्याहून एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. एके काळी आसऱ्याला आलेल्या काही स्त्रिया आता स्वतःच आजारी व दुबळ्यांच्या सेवेत रमल्या होत्या. ज्यांना कोणी हात देत नव्हते, त्यांचेच हात आता दुसऱ्यांना उचलीत होते!

रमाबाई पंडिता खऱ्या. त्यांनी तेथेच प्रश्न केला, की या बायकांसाठी तुम्ही हे सारे कशासाठी करता? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. लोकांनी दूर ठेवलेल्या त्या बाईशीच ख्रिस्त खऱ्या उपासनेविषयी बोलला होता. तीर्थांच्या वाटेवर आईबाप गमावलेल्या मुलीला देवाचा हा पत्ता नवा होता. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्या लोकांत असे काम कधी पाहिले-ऐकले नव्हते, असे रमाबाईंनी 1907 सालच्या आपल्या आत्मकथनपर पुस्तिकेत म्हटले आहे. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. फुलहॅमच्या भेटीच्या 20 वर्षे आधी, 1863 साली, खुद्द पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. पण ती ज्योत रानोमाळ हिंडणाऱ्या पुराणिकाच्या मुलीपर्यंत पोचली नाही. दोष तिचा नव्हे, ती ज्योत झाकून ठेवणाऱ्या समाजाचा!

रमाबाईंची आणखी एक कबुली मला मोलाची वाटते. बाप्तिस्म्याने आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला तो सुमारे 8 वर्षांनी, असे त्या स्वतःच सांगतात. या मधल्या वर्षांत, 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. बाया कर्वे तेथल्याच पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. 1893 साली धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळी बाजूस झाली आणि कित्येक मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंनी काम सोडले नाही. 1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. शिक्षण, छापखाना, विणकाम, शेती, अंधांची शाळा असा तेथे संसारच थाटला गेला. याच आवारात त्यांनी ‘कृपा सदन’ही काढले, आणि ते फुलहॅमच्या घरासारख्याच बायकांसाठी होते! 1922 साली रमाबाई गेल्या. केडगावचे काम आजही चालू आहे.

भगिनींनो, रमाबाईंचा धर्म आपण घ्यावा किंवा घेऊ नये, हा या लेखाचा विषय नव्हे. पण त्यांना देव ज्या दारात भेटला, ते दार आपल्या गल्लीतही आहे. आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, सहली निघतात. ते सारे असावेच. परंतु चार घरची धुणीभांडी करणारी, नवऱ्याने टाकलेली, जिच्याविषयी आपण पदराआड कुजबुजतो अशी एखादी बाई मंडळाच्या पायरीशी आली, तर आपण सतरंजीवर सरकून तिला जागा देऊ काय? मी स्वतःला हा प्रश्न विचारून पाहिला. प्रामाणिकपणे सांगते, उत्तर देण्यापूर्वी मला थोडा वेळ लागला. तो वेळ पुढल्या वर्धापनदिनापर्यंत आपणा सर्वांचाच कमी व्हावा, एवढीच प्रार्थना.